उन्हाळ्याची सुटी आणि अभ्यासाचें वळण

वार्षिक परीक्षेची शेवटची घंटा झाली म्हणजे शाळेच्या पडवींत जो कोलाहल उठतो, तो ऐकून कोणाही शिक्षकास हसूं आल्यावांचून राहत नाहीं. कोणी मामाच्या गांवाला निघालेला असतो, कोणाच्या डोळ्यांपुढें विहिरींतलें पोहणें असतें, तर कोणी "आतां दीड महिना पुस्तकाचें तोंड पाहणार नाहीं" अशी भीष्मप्रतिज्ञा करीत असतो. हा आनंद मुलांनीं मनमुराद लुटावा असेंच आम्हांस वाटतें. वर्षभर चार भिंतींत बसलेल्या मुलास मोकळी हवा, आंबे, करवंदें, नातलगांचा सहवास आणि पोटभर झोंप यांची फार गरज असते.

परंतु जून महिन्यांत तींच मुलें परत वर्गांत येऊन बसतात, तेव्हां मात्र आमच्या मनांत निराळे विचार येऊं लागतात. एप्रिलमध्यें ज्याला अपूर्णांकांची बेरीज सहज येत होती, तो आतां छेद सम करण्याचें विसरलेला असतो. ज्या मुलीचें अक्षर मोत्यासारखें होतें, तिच्या हाताला वळण राहिलेलें नसतें. सुटी आनंदाचीही असावी आणि तिच्यांत विद्येची हानिही होऊं नये, या दोन गोष्टींचा मेळ कसा घालावा, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. हा विषय आमच्या मनांत कां घोळूं लागला, तें सांगण्यासाठीं एक घडलेली हकीकत प्रथम सांगतों.

एक बाप आणि त्याचा मुलगा

कांहीं वर्षांपूर्वीं जुलै महिन्यांतील पहिल्या चाचणीनंतर एक गृहस्थ आम्हांस भेटावयास आले. हातगाडीवर भाजी विकून ते आपला प्रपंच चालवीत. त्यांचा मुलगा सहावींत होता आणि गणिताच्या चाचणींत त्यास वीसांपैकीं तीन गुण मिळाले होते. गृहस्थ हात जोडून म्हणाले, "गुरुजी, याच्या डोक्यांत कांहीं राहत नाहीं. मागल्या वर्षीं पास झाला, तें सगळें गेलें वाहून. आतां याला शाळेंत ठेवून काय उपयोग? माझ्याबरोबर गाडीवर तरी उभा राहील." मुलगा दाराशीं मान खालीं घालून उभा होता.

आम्हीं त्यास जवळ बोलावलें आणि फळ्यावर "३/४ × ४०" असें मांडून उत्तर विचारलें. तो खडूकडे पाहत राहिला. मग आम्हीं म्हटलें, "बाळ, कांदे चाळीस रुपये किलो असले, तर पाऊण किलोचे किती घेशील?"

"तीस," तो ताबडतोब म्हणाला.

"आणि सव्वा किलोचे?"

"पन्नास."

वडील मध्येंच म्हणाले, "तें येतें हो त्याला. उन्हाळाभर गाडीवर होता तो. पण तें काय गणित आहे?"

त्या एका वाक्यानें आम्ही खजील झालों. जें गणित मुलानें उन्हाळाभर शेंकडों वेळां केलें होतें, तें गणितच आहे ही गोष्ट त्याला वा त्याच्या वडिलांना कोणींच सांगितली नव्हती. सांगावयाची होती ती आम्हीं. पुढें आमच्या वाचनांत असें आलें कीं, ही केवळ आमच्या गांवची गोष्ट नव्हे. ब्राझील देशांतील रेसीफे शहरीं रस्त्यावर नारळ व फळें विकणाऱ्या पांच मुलांची परीक्षा तीन संशोधकांनीं घेतली व ती १९८५ सालीं प्रसिद्ध केली. बाजारांत गिऱ्हाइक होऊन विचारलेल्या उदाहरणांपैकीं शेंकडा ९८ उदाहरणें मुलांनीं बरोबर सोडविलीं. तशींच उदाहरणें नुसत्या आंकड्यांत कागदावर मांडून दिलीं, तेव्हां शेंकडा ३७ च बरोबर आलीं. पांच मुलें ही संख्या लहान खरी; परंतु अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कोलकाता व दिल्ली येथील बाजारांतील पुष्कळ मुलांचा अभ्यास करून २०२५ सालीं जें प्रसिद्ध केलें, त्यांतूनही हेंच दिसून आलें. शिवाय एक उलट गोष्टही दिसली: केवळ शाळेंत शिकणारीं मुलें बाजारांतल्या हिशेबाशीं अडखळत होतीं. म्हणजे घरचें ज्ञान आणि शाळेचें ज्ञान यांमध्यें जी भिंत उभी आहे, तिला दोन्ही बाजूंनीं दार पाडावयास हवें. आणि तें काम करण्यास उन्हाळ्याच्या सुटीसारखा दुसरा काळ नाहीं.

विसरणें म्हणजे गमावणें नव्हे

त्या गृहस्थांच्या बोलण्यांत दुसरीही एक समजूत होती, आणि ती पुष्कळ पालकांची असते. मुलगा विसरला, त्याअर्थी त्याला बुद्धि नाहीं. ही समजूत कितपत खरी आहे, तें पाहूं.

हेर्मान एबिंगहाउस नांवाच्या जर्मन पंडितानें स्मरणशक्तीविषयीं स्वतःवरच प्रयोग केले आणि ते १८८५ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले. कांहींही अर्थ नसलेलीं अक्षरें ओळीनें पाठ करावयाचीं आणि ठराविक काळानंतर तीं पुन्हां पाठ करण्यास किती कमी श्रम पडतात, हें मोजावयाचें, अशी त्याची पद्धति होती. त्यास असें आढळलें कीं, वीस मिनिटांनंतर पहिल्या श्रमांपैकीं सुमारें शेंकडा ५८ श्रम वांचतात, एका दिवसानंतर ३४ च वांचतात, आणि एका महिन्यानंतर २१. यावरून दोन गोष्टी ध्यानांत येतात. पहिली ही कीं, विसरण्याचा वेग आरंभीं फार असतो व मग तो मंदावतो. सर्वांत मोठी गळती पहिल्या दिवसांतच होते. हें त्या पंडितासही चुकलें नाहीं, तर सहावींतल्या मुलास काय म्हणून चुकावें? दुसरी गोष्ट अधिक धीर देणारी आहे. महिना लोटल्यावरही पंचमांश श्रम वांचले, तेही निरर्थक अक्षरांच्या बाबतींत! अर्थ असलेला मजकूर पाठ करावयास तर त्यास सुमारें एक दशांशच श्रम पडले. म्हणजे जें समजून शिकलेलें असतें, तें विसरलेलें दिसलें तरी त्याचा माग मनांत शिल्लक असतो आणि दुसऱ्या वेळीं तें लौकर उभें राहतें. त्या मुलास आम्हीं कांदे-बटाट्यांच्या वाटेनें पुन्हां अपूर्णांकांकडे नेलें, तेव्हां जें शिकण्यास मागल्या वर्षीं महिना लागला होता, तें चार दिवसांत परत आलें.

त्याच ग्रंथांत आणखी एक उपयुक्त गोष्ट आहे. एकाच दिवशीं ६८ वेळां घोकून जें साधलें, तेंच तीन दिवसांत वांटून केलेल्या ३८ आवृत्त्यांनीं साधलें. आमचीं वडीलधारी मंडळी "थेंबें थेंबें तळें सांचे" असें म्हणत आलीं, त्याचें हें मोजून दिलेलें प्रमाणच नव्हे काय?

सुटींत होणाऱ्या हानीचेंही मापन झालेलें आहे. हॅरिस कूपर व त्यांचे सहकारी यांनीं अमेरिकेंत झालेल्या ३९ अभ्यासांचा एकत्र विचार करून १९९६ सालीं असा निष्कर्ष काढला कीं, लांब सुटीनंतर मुलें सरासरीनें सुमारें एका महिन्याच्या शिक्षणाइतकीं मागें पडतात. सर्वांत अधिक हानि होते ती आंकडेमोड आणि शुद्धलेखन या दोन बाबतींत. वाचनाची गोष्ट मात्र निराळी: सुस्थितींतल्या घरचीं मुलें सुटींत वाचनांत किंचित् पुढेंच गेलीं, गरीब घरचीं मागें पडलीं. या हानीचें नेमकें माप किती, याविषयीं पुढील संशोधकांत मतभेद आहेत. परंतु त्यांतील एक गोष्ट आम्हांस आमच्या वर्गांतही रोज दिसते. ज्या घरीं पुस्तक हाताशीं आहे, तेथें सुटी मुलास वाढविते. जेथें नाहीं, तेथें ती त्याला मागें ओढते. म्हणून हा प्रश्न हुशार व मठ्ठ असा नसून, ज्याच्या हाताशीं साधन आहे तो आणि ज्याच्या हाताशीं नाहीं तो, असा आहे.

आमची एक चूक

येथें आम्हांस आमच्या पदरचा एक दोष कबूल केला पाहिजे. अनेक वर्षें आम्ही सुटीसाठीं भला मोठा गृहपाठ देत असूं: गणिताचीं शंभर उदाहरणें, शुद्धलेखनाचीं चाळीस पानें, पांच निबंध. जूनमध्यें वह्यांचा ढीग टेबलावर येई आणि आम्ही लाल शाईनें सह्या करीत बसूं. एकदां सहज बारकाईनें पाहिलें, तर चाळीसही पानें एकाच पेनानें, एकाच घाईनें आणि बहुतेक शेवटच्या तीन दिवसांत लिहिलेलीं. दोन वह्यांतील चुकासुद्धां सारख्याच! एका मुलीनें तर निर्मळपणें सांगितलें, "गुरुजी, निबंध माझ्या ताईनें लिहिले. मी फक्त उतरवले." तिला रागें भरण्याचा आम्हांस कोणता अधिकार होता? आम्हीं पानें मागितलीं होतीं, तिनें पानें दिलीं. अभ्यासाचें वळण लावण्याऐवजीं आम्हीं मुलांस अभ्यास टाळण्याचें वळण लावीत होतों.

तेव्हांपासून आम्हीं ढीग मागण्याचें सोडून दिलें. आतां सुटीपूर्वीं मुलांस एवढेंच सांगतों कीं, रोज एक तास द्या. दीड महिन्याच्या सुटींत एक तास म्हणजे पंचेचाळीस तास होतात. तो तास कसा वापरावा, हें पुढें क्रमानें देतों.

रोजचा एक तास

१. वेळ व जागा ठरवावी. — सकाळीं ऊन चढण्यापूर्वींचा तास उत्तम. उठून तोंड धुतलें, दूध वा चहा झाला, कीं त्याच जागीं, त्याच चटईवर बसावें. जागा मोठी नको. ठरलेली मात्र हवी. सवय ही एखाद्या दिवसांत लागत नाहीं. लंडन येथें झालेल्या व २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत नवी सवय अंगवळणीं पडण्यास सरासरीनें ६६ दिवस लागले. कोणास १८ दिवस पुरले, तर कोणास २५४ लागतील असा अंदाज निघाला. त्यांत असेंही दिसलें कीं, एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडत नाहीं. म्हणून लग्नकार्याच्या गडबडींत एक दिवस गेला, तर मुलानें हिरमुसून सर्वच सोडूं नये. दुसऱ्या दिवशीं त्याच जागीं जाऊन बसावें. मे महिन्यांत लावलेलें रोप जूनमध्येंही पाणी घालून जगवावें लागतें, हेंही विसरूं नये.

२. पुस्तक मिटून आठवावें. — पुष्कळ मुलें धडा पुन्हां पुन्हां वाचतात आणि तो आपल्याला आला असें समजतात. २००६ सालीं रोडिगर व कार्पिकी या दोघां अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं याची कसोटी घेतली. विद्यार्थ्यांच्या एका गटानें एक उतारा चार वेळां वाचला. दुसऱ्या गटानें तो एका पाळींत वाचून पुढील तीन पाळ्यांत तो न पाहतां आठवून लिहिला. पांच मिनिटांनंतर वाचणारे पुढें होते. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांस शेंकडा ४० भागच आठवला आणि आठवून लिहिणाऱ्यांस ६१! तेव्हां मुलांनो, धडा एकदां नीट वाचा, पुस्तक मिटा, आणि जें आठवेल तें वहींत लिहा किंवा आजीला सांगा. अडेल तेथें पुस्तक उघडून पाहा. आठवतांना जो ताण पडतो, त्यानेंच स्मृति बळकट होते. तोच धडा दुसऱ्या दिवशीं, मग चार दिवसांनीं, मग पंधरवड्यानें असा पुन्हां आठवावा.

३. संध्याकाळचा परवचा. — दिवेलागणीस मुलांनीं ओळीनें बसून परवचा म्हणण्याची चाल आतां फार थोड्या घरांत राहिली आहे. त्यांत पाढे तर असतच. पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकीही असे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन यांचे हे पाढे. ज्याला पाऊणकी येते, त्याला "पाऊण चोक तीन" हें म्हणतांनाच ३/४ × ४ = ३ हें आलेलें असतें; फक्त तें लिहून दाखविणारा कोणी हवा. घोकंपट्टीचा आम्हांस सोस नाहीं. परंतु अर्थ समजल्यावर पाठ असलेली गोष्ट वाटसरूच्या शिदोरीप्रमाणें वेळेवर उपयोगीं पडते. दहा मिनिटांचा परवचा पुरे. तोही झोंपाळ्यावर बसून म्हटला तरी चालेल.

४. वाचन. — रोज दहा पानें वाचलीं, तर सुटींत साडेचारशें पानें होतात, म्हणजे दोन-तीन चांगलीं पुस्तकें. साने गुरुजींनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत असतां "श्यामची आई" लिहिण्यास आरंभ केला. तिच्यांत प्रकरणांऐवजीं बेचाळीस रात्री आहेत. रोज रात्रीं एक रात्र घरांतल्या सर्वांना मोठ्यानें वाचून दाखविली, तर बरोबर सहा आठवडे पुरते. ज्या आईला स्वतःला वाचतां येत नाहीं, तिच्याही वांट्याला त्या पुस्तकांतलें सुख येईल आणि मुलाचें वाचनही स्वच्छ होईल. घरीं पुस्तकें नसतील, तर शाळेच्या ग्रंथालयांतून सुटीसाठीं न्यावीं, किंवा चार घरच्या मुलांनीं आपापलीं पुस्तकें एकमेकांस द्यावीं.

५. रोज पांच ओळी. — दिवसांत जें पाहिलें, केलें वा ऐकलें, त्याविषयीं पांच ओळी स्वतःच्या शब्दांत लिहाव्या. "आज आंबे खाल्ले" एवढ्यावर थांबूं नये. किती आणले, काय भाव पडला, कोणता गोड निघाला, तो कसा ओळखला, हें लिहावें. हाताचें वळण टिकतें, शुद्धलेखन टिकतें, आणि जूनमध्यें निबंधासाठीं ताईकडे जावें लागत नाहीं.

अंगण हीच प्रयोगशाळा

एक तास संपला कीं पुस्तकें मिटावीं. पण डोळे मिटूं नयेत. उन्हाळा निसर्गतःच मोठा शिक्षक आहे.

मे महिन्यांत आपल्या महाराष्ट्रांत एक अशी गोष्ट घडते कीं, ती पाहावयास यूरोपांतल्या मुलांस मिळत नाहीं. एका दुपारीं सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहींशी होते. कर्कवृत्ताच्या उत्तरेस हें कधींच घडत नाहीं. कोल्हापुरास हा दिवस ६-७ मेच्या सुमारास येतो, पुण्यास १३-१४ मेच्या, मुंबईस १५-१६ मेच्या आणि नागपुरास २६ मेच्या सुमारास. सूर्य जसजसा उत्तरेकडे सरकतो, तसतसा तो एकेका गांवावर येतो. हातभर लांबीची सरळ काठी सपाट अंगणांत वा गच्चीवर ओळंब्यानें उभी करावी. दुपारीं बारा ते एकपर्यंत दर पांच मिनिटांनीं सावलीच्या टोकाशीं खूण करावी. सर्वांत आंखूड सावली ज्या क्षणीं पडते, तो त्या गांवचा खरा मध्यान्ह. मुंबईच्या मुलांस आश्चर्य वाटेल कीं, तो घड्याळांतल्या बाराला येत नाहीं, तर सुमारें १२ वाजून ३५ मिनिटांनीं येतो. नागपुरास १२ वाजून १० मिनिटांच्या सुमारास. कारण भारताचें घड्याळ ८२½ अंश पूर्व रेखांशावर लावलेलें आहे, मुंबई त्याच्या पश्चिमेस सुमारें साडेनऊ अंश आहे, आणि प्रत्येक अंशास सूर्याला चार मिनिटें लागतात. भूगोलाच्या पुस्तकांतलें रेखांशांचें प्रकरण असें अंगणांत एकदां पाहिलें, तर तें जन्मभर विसरणार नाहीं. जो मुलगा ही खूण पुढेंही चालूं ठेवील, त्यास आणखी एक मौज दिसेल: तो दिवस उलटून गेल्यावर दुपारची सावली उत्तरेऐवजीं दक्षिणेकडे पडूं लागते.

स्वयंपाकघराकडे वळूं. माठांतलें पाणी गार कां होतें? मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरून बाहेर येतें, त्याची वाफ होते, आणि वाफ होतांना तें माठांतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातें. मग सोलापूरचा माठ जितकें पाणी गार करतो, तितकें रत्नागिरीचा कां करीत नाहीं? कोंकणच्या हवेंत आधींच दमटपणा असल्यामुळें वाफ लौकर होत नाहीं. मुलांनीं एक माठ उघड्या वाऱ्यावर व एक कोंदट खोलींत ठेवून स्वतः फरक पाहावा. लोणच्याच्या दिवशीं आजीला तिचें माप विचारावें. कैरीच्या चार वाट्यांस मीठ एक वाटी असेल, तर दहा वाट्यांस किती? अडीच वाट्या. हेंच त्रैराशिक. फक्त तें सांडलें तर आजी ओरडेल, एवढाच पुस्तकाशीं फरक.

आणि पक्षी! सलीम अली हे मुंबईचे जगप्रसिद्ध पक्षितज्ज्ञ. ते सुमारें दहा वर्षांचे असतांना त्यांच्या छर्ऱ्याच्या बंदुकीनें एक चिमणी पडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, हा प्रश्न घेऊन तो मुलगा मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटींत गेला. तेथील चिटणीस मिलर्ड यांनीं त्यास पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे संग्रह दाखविले आणि एका प्रश्नांतून एक आयुष्य उभें राहिलें. आज बंदूक नको. वही आणि डोळे पुरेत. कोकिळा आपलीं अंडीं कावळ्याच्या घरट्यांत कशीं घालते, पावशा कोणत्या दिवशीं प्रथम ओरडला, पहिली वळवाची सर कधीं आली, हें तारखेसह लिहावें. मोसमी पाऊस केरळांत साधारणतः १ जूनला आणि मुंबईस ११ जूनच्या सुमारास पोहोंचतो. तुमच्या गांवीं तो केव्हां आला, हें तुमच्या वहींत असूं द्या.

पालकांस चार शब्द

पालकहो, "आम्ही शिकलेलों नाहीं, आम्ही काय शिकविणार?" असें आपणांपैकीं कांहीं जण म्हणतात. परंतु मुलास शिकविणें निराळें आणि त्याच्या शिकण्यास जागा करून देणें निराळें. डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थी असतांना परळच्या चाळींत एका खोलींत त्यांचें सर्व कुटुंब राहत असे. अभ्यासास शांतता कोठून मिळणार? वडील रामजी सुभेदार मुलास लौकर निजवीत आणि मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास, घर शांत असतां, उठवून अभ्यासास बसवीत. पुस्तकासाठीं पैसे नसले, तर आपल्या विवाहित मुलींकडे जाऊन ते उसने आणीत. एवढ्या रात्रीं मुलांस उठवावें असें आम्ही सांगत नाहीं. वाढत्या मुलास झोंप हवीच. पण मुलाच्या अभ्यासासाठीं घरानें आपला दिनक्रम बदलावा, हा धडा त्यांत आहे. पुढें भीमराव संध्याकाळीं चर्नी रोडच्या बागेंत वाचीत बसूं लागले. तेथें कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींची दृष्टि त्यांच्यावर गेली. १९०७ सालीं ते मॅट्रिक झाले, तेव्हां केळुसकरांनीं त्यांस स्वतः लिहिलेलें बुद्धचरित्र भेट दिलें. एका बापानें जागा दिली आणि एका गुरुजींनीं पुस्तक दिलें. त्याचें फळ अवघ्या देशानें पाहिलें.

म्हणून आपणांस आमची विनंति इतकीच. मुलाचा तो एक तास सांभाळा. त्या वेळांत त्याला दुकानास पाठवूं नका, दूरदर्शन लावूं नका, आणि मोबाईल दुसऱ्या खोलींत ठेवा, आपला स्वतःचासुद्धां. "आज काय वाचलेंस, मला सांग" असें रोज विचारा. आपणांस त्यांतलें कांहीं ठाऊक नसेल, तर अधिकच उत्तम, कारण तो आपणांस सांगतांना स्वतः शिकेल. मुलास कामास घेत असाल, तर त्या कामांतला हिशेब त्याच्याकडून कागदावर लिहवून घ्या. शेजारच्या मुलाशीं तुलना करूं नका. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, "तुझ्या डोक्यांत कांहीं राहत नाहीं" हें वाक्य मुखांतून काढूं नका. मूल धडे विसरतें. हें वाक्य मात्र तें विसरत नाहीं.

त्या मुलाचें पुढें काय झालें, हें वाचकांस जाणून घ्यावेंसें वाटेल. वडिलांनीं त्यास शाळेंतून काढलें नाहीं. पुढच्या उन्हाळ्यांतही तो गाडीवर होता. परंतु तराजूशेजारीं एक वही असे आणि प्रत्येक सौद्यापुढें तो ३/४, १¼, २½ असे आंकडे मांडी. जूनमध्यें ती वही घेऊन वडील स्वतः आले. पानांना कोथिंबिरीचा वास येत होता आणि कडा भिजलेल्या होत्या. ती वही उघडून ते म्हणाले, "गुरुजी, हें सगळें गणितच आहे म्हणे." आजवर आमच्या टेबलावर सुटीचा जितका गृहपाठ आला, त्यांत त्या ओल्या वहीइतकी आमच्या मनांत राहिलेली दुसरी वही नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, ही सुटी तुम्हांस सुखाची जावो. आंबे खा, पोहा, झाडांवर चढा. आणि रोज एक तास आपल्या चटईवर येऊन बसा. जूनच्या पहिल्या दिवशीं आम्ही वह्यांचा ढीग मागणार नाहीं. "सुटींत काय पाहिलेंस?" एवढेंच विचारूं, आणि तुमचें उत्तर ऐकण्यास आम्ही उत्सुक असूं.